गणपतअप्पांच्या जोडीच्या घाट्या

१९४६च्या उन्हाळ्यात अंबडच्या बाजारात गणपतअप्पा कासारांनी एका पाटलांना दोन्ही बैलांसकट दुकानातून परत पाठवलं. पाटलांना बैलाच्या गळ्यात बांधायला एक घाटी हवी होती. जोडीतली एक हरवली होती. अप्पांनी उरलेली घाटी वाजवली, दुकानातल्या नऊ घाट्या तिच्याशी ताडून पाहिल्या आणि मान हलवली.

"सूर बसत न्हाई. देत न्हाई."

"अप्पा, बैलाला काय गाणं म्हणायचंय का?"

"त्याला न्हाई. पर त्याच्या जोडीदाराला दिवसभर ऐकायचंय ना!"

माझं कापडाचं दुकान समोरच होतं, त्यामुळे हे मी स्वतः पाहिलं. पाटलांनी मग घाटी जालन्याहून आणली. त्यांची गाडी रस्त्यानं गेली की अप्पा दोन्ही कानांत बोटं घालत. तेही पाहिलं.

तरुणपणी अप्पा जालन्यात एका उस्तादांकडे गाणं शिकायला गेले होते. आठव्या दिवशी उस्ताद म्हणाले, "कान अल्ला ने दिया है. गले का काम हमसे नहीं होगा." ही हकिगत अप्पा स्वतः सांगत, तीही अभिमानानं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पितळेच्या घाट्या, घुंगरं आणि हे कान, एवढाच त्यांचा संसार.

त्यांच्या घाटीला नाव ठेवायची मुभा एकाच माणसाला होती. वडीगोद्रीचे गाडीवान मेहबूबभाई दर बाजारी चहाला येत आणि एखादी घाटी वाजवून म्हणत, "अप्पा, ये जरा उतरी है."

"तुझे कान उतरलेत, मेहबूब. धूळ काढ त्यातली."

मेहबूबभाई गेले की अप्पा कानस घेऊन तीच घाटी घासत बसत.

१९४८च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि रझाकारांचा सूड गावोगावच्या साध्या मुसलमानांवर निघू लागला. त्या दिवसांत कोण कुठं गेलं, कोण राहिलं, कुणालाच नीट कळत नव्हतं. एका सकाळी मेहबूबभाई आई, बायको आणि तीन मुलांना गाडीत घालून दुकानाशी थांबले. अप्पांनी बैलांच्या गळ्यातल्या घाट्या स्वतःच्या हातांनी सोडल्या.

"आवाज नको. गुमान जा."

"कुठं चाल्लो, इचारत न्हाई?"

"न्हाई. मला ठावं असलं तर कुनीबी वदवून घेईल."

पुढचे पाच बाजार अप्पांचं दुकानात लक्ष नव्हतं. वडीगोद्रीच्या रस्त्यावर घाटी वाजली की ते उठून उभे राहत. एकदा मी म्हणालो, "अप्पा, मेहबूबभाईच्या घाट्या तर तुमच्याकडंच हायेत."

"ठावं हाय मला. तुमी कापड मोजा."

सहाव्या बाजारी अप्पा रस्त्याकडं पाठ करून एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होते. गाडी येऊन थांबली. त्यांना कळलं नाही.

"अप्पा, चाय मिलेगी?"

अप्पा वळले नाहीत. हातातली घाटी त्यांनी खाली ठेवली.

"किती जण आलात?"

"सगळे. अम्मी बी."

"बराबर मोजलेस?"

"तुमीच मोजा की, अप्पा."

अप्पा वळले, गाडीजवळ गेले आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजू लागले. मेहबूबभाईंना धरून सहा भरले. गिऱ्हाइकाला त्यांनी पुढच्या बाजारी यायला सांगितलं आणि दुकानाला कुलूप लावलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.