भालूकाका आणि पिवळ्या गाडीची कुरकुर

आमच्या भालूकाकांना तुम्ही चहाला बोलावलंत, तर ते आधी तुमच्या फ्रिजला भेटतात. दारात चपला काढतात, काखेतल्या पिशवीतून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढतात, त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवतात, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबतात आणि डोळे मिटतात. तेवढा वेळ यजमानांनी बशी हातात धरून गप्प उभं राहायचं. मग निकाल लागतो. "दमलाय. भिंतीपासून वीतभर पुढं घ्या, श्वास घेऊ दे त्याला." हे झालं की मग तुमची विचारपूस. तीही घाईघाईत, कारण पंखा राहिलेला असतो.

मी त्यांची दगडी गडग्यापलीकडची शेजारीण. गावच्या शाळेत शिकवते, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं. भालूकाकाही बाईच म्हणतात, वयानं माझ्या वडिलांएवढे असूनसुद्धा. पस्तीस वर्षं त्यांनी खाडी ओलांडणाऱ्या लाँचवर इंजिन सांभाळलं. लाकडी लाँच, पोटात इंजिन आणि इंजिनाशेजारी पाटावर भालूकाका. आता गाड्यांसकट माणसं नेणारी मोठी फेरीबोट आली, काका घरी बसले आणि गावातली यंत्रं त्यांच्या तावडीत सापडली.

आवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा माझी स्कूटी खडखडायला लागली. आठवडाभर मी नट आवळून घेत होते. काकांनी बायकोला मागे बसवून एकच फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, गाडी निरोगी हाय. तुमच्या डब्याचं झाकण सैल हाय." खरंच डबा निघाला. पोळीभाजीचा डबा घेऊन मी तीन गॅरेजं हिंडले होते, हे त्यांनी पुढे गावभर सांगितलं ते वेगळंच.

त्यांच्या काही अटी असतात. पहिली अट, गाडीत कोणी बोलायचं नाही. "थांबा, तिला बोलू द्या," हे त्यांचं पालुपद. दुसरी, निकाल जागेवर मिळणार नाही. तक्रार लोणच्यासारखी मुरावी लागते म्हणतात, त्यामुळे उद्या या. तिसरी अट म्हणजे कुसुमकाकू. गाडी कोणाचीही असो, काका पुढे बसणार आणि त्यांच्या बरोब्बर मागे काकू, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. सरपंचांच्या जीपमध्ये बसल्या, मासळीच्या टेम्पोतही नाकाला पदर लावून बसल्या. "तिला तेवढंच फिरायला मिळतं," काका म्हणायचे. या वयातलं हे प्रेम बघून आम्ही बायका गालात हसायचो. मी तर एकदा तोंडावर म्हटलंही, "काकू, खांदा सोडलात तर पळून जातील की काय?" काकू नुसत्या हसल्या होत्या.

आणि काकांचं मिशीवाल्यांशी जमत नसे. आमच्या देवळातल्या गुरवांची मिशी ओठांवर छपरासारखी उतरलेली. काका त्यांच्याशी बोलतच नसत. "आधी हजामत करून ये, मग बोलू," असं एकदा भर उत्सवात म्हणाले. गुरव आठ दिवस रुसून होते.

तर गेल्या महिन्यात माझा भाचा ओंकार नवी मुंबईहून आला. आयटीत आहे, लग्न ठरत नाही, म्हणून त्यानं गाडी घेतली. स्पोर्ट्स कार, जुनी पण झगमगीत, हळदीसारखी पिवळी आणि इतकी बुटकी की आमच्या कुंपणावरून फक्त छप्पर दिसावं. घेतली तेव्हाही तो पहिल्यांदा इथंच घेऊन आला होता आणि आम्ही देवळासमोर तिची पूजा केली होती. तेव्हा गाडी मुकी होती. आता तिला कंठ फुटला होता.

"मावशी, वैताग आलाय," ओंकार म्हणाला. "मध्येच खर्र होतं, मध्येच बंद. कुठल्या चाकातून येतं तेच कळत नाही. हायवेला एकदम सायलेंट. हळू चालवली, टर्न मारला, ब्रेक दाबला की कधी येतं, कधी नाही. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, पुढचे ब्रेक पॅड बदलले. शेवटी म्हणाला, सर, आवाज तुमच्या डोक्यात आहे."

मी त्याला जेटीच्या नाक्यावर भालूकाकांकडे नेलं. नाक्यावर चहावाल्या रघूसकट दहाबारा माणसं होती. सगळी गाडीभोवती जमली. रघूला काकांची खोडी काढायची भारी हौस. तो म्हणाला, "काका, ही काय आपल्या टेम्पोतली न्हाय. जे कंप्युटरला गावलं न्हाय, ते तुम्हांला गावंल व्हय?"

काकांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "कंप्युटरला कान असतात काय रे? आज दुपारच्या आत सांगितलं न्हाय, तर पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावणार न्हाय. जा, लिहून ठेव तुझ्या फळ्यावर."

रघूनं खरंच चहाच्या दरांखाली खडूनं लिहिलं. असल्या कामाला त्याचा हात कधी दुखत नाही.

मग काका रुबाबात गाडीकडे वळले, दार उघडलं आणि थबकले. आत दोनच जागा. त्यांनी सीटच्या मागे वाकून पाहिलं. तिथं ओंकारची बॅगही कशीबशी कोंबलेली होती. "मागची सीट कुठं हाय?" त्यांनी विचारलं. ओंकार अभिमानानं म्हणाला, "नसतेच काका. स्पोर्ट्स कार आहे ना." काकूंना बोलावणं धाडायला काकांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. सगळे बघत होते. ते बसले. म्हणजे आधी पाठ आत गेली, मग डोकं, आणि पाय रघूनं उचलून आत ठेवले.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. काका उतरले, म्हणाले, "आवाज न्हाय. गाडी ठीक हाय," आणि कोणाकडे न बघता घराकडे चालू लागले.

ओंकारचं तोंड उघडंच. "मावशी, तीनदा आला! जेटीच्या वळणावर तर इतका मोठा, की रस्त्यातली कोंबडी उडाली. मी काकांकडे बघितलं, तर ते समोर बघत होते."

आता माझा स्वभाव असा की, खोटं बोलणारं पोर आणि चूक मान्य न करणारा म्हातारा मला सहन होत नाही. मी तरातरा निघाले. चांगलं सुनवायचं ठरवूनच. पण पुढच्या दारी जाण्याआधीच काकूंनी मला मागल्या दारी ओढलं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"बाई, त्यांना काय बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकायला येत न्हाय."

मला वाटलं, हट्टाबद्दल बोलताहेत. पण काकूंनी हात कानाला लावला. डावा कान साफ गेलेला. उजव्याशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर थोडंफार. बाकी सगळं समोरच्याचे ओठ बघून. पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून आयुष्यभराचं ऐकून झालं होतं त्यांचं. उभ्या यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावला, की हाडातून थोडं पोचतं. पण धावत्या गाडीला काय लावणार? म्हणून काकू मागे बसत. आवाज आला की खांदा दाबायचा, जोरात आला तर दोनदा. घरी आल्यावर तो कसा होता ते सांगायचं.

"मला काय गाड्यांतलं कळतं?" काकू म्हणाल्या. "मी आपली स्वैपाकघरातलं सांगते. पोळपाट डुगडुगल्यावानी म्हटलं की ते म्हणतात, नट सैल. कढईत झारा घासल्यावानी म्हटलं की ब्रेक झिजला. रात्रभर दोघं तेच करत बसतो."

दोन वर्षं हे चाललं होतं, आणि मी शेजारी राहून गालात हसत होते. मला माझीच लाज वाटली. मी विचारलं, कानाचं मशीन का लावत नाहीत?

"ते लोकांना दिसतं ना. पोरं दोन्ही मुंबईला. गाडी घेऊन कोण ना कोण येतो, बसतो, चहा पितो, चार गोष्टी होतात. भालूकाकांचा कान गेला म्हटल्यावर कोण येल, बाई?"

तिकडे फळ्यावर काकांची पैज खडूनं लिहिलेली होती, आणि दुपारला दोन तास उरले होते. मी नाक्यावर परत गेले आणि वर्गात बोलते त्या आवाजात जाहीर केलं, "काकांचा विचार चाललाय. तोवर कुसुमकाकूंना या गाडीत एक फेरी मारायची आहे. जन्मात एकदा!"

काकूंना त्या गाडीत बसवणं हा एक सोहळाच झाला. मी पदर सावरला, ओंकारनं डोक्यावर हात धरला. काकू आत गेल्या आणि आतून आवाज आला, "अगं बाई, हे तर जमिनीवरच बसवलंन!" गाडी निघाली. भालूकाका घरातून येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते. गाडी वळणाआड गेली तरी ते तिकडेच बघत होते. मी बाजूला उभी होते, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

काकू परत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. काका पाणी प्यायच्या निमित्तानं मागोमाग. आणि मी निमित्ताशिवाय. काकूंनी खवणी मांडली, नारळाची वाटी घेतली, काकांचा हात धरून खवणीच्या पाटावर पालथा ठेवला आणि खवायला लागल्या. आधी खोबरं मऊ मऊ पडलं. मग दाते करवंटीला लागले. खर्र. काकांची बोटं हलली. काकूंनी पुन्हा घासलं, मग स्वतःच्या पाठीकडे, डाव्या अंगाला बोट दाखवलं.

काकांचा चेहरा असा उजळला, की मीच नजर वळवली.

पुढची दहा मिनिटं नाक्यावर कोणी चहा प्यायला नाही. काकांनी जॅक लावायला सांगितला, मागचं डावं चाक काढायला लावलं आणि आत वाकले. ब्रेकच्या चकतीमागे चिखल उडू नये म्हणून एक पातळ पत्रा असतो. त्या दोघांच्या फटीत त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं, हलकेच उचकलं, आणि तळहातावर एक वस्तू पडली. घासून घासून रुपयाएवढी गुळगुळीत झालेली करवंटीची कपची.

"ह्या गाडीपाशी नारळ कुणी फोडला?" काकांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पूजेच्या दिवशी गुरव म्हणत होते, पायरीवर फोडू. मीच म्हटलं होतं, नाही, मागच्या चाकाशी फोडा, चाकं चालतात म्हणून गाडी चालते. गुरवांनी जरा जोरातच आपटला होता. गॅरेजवाल्याला जे सापडलं नाही, ते माझ्या श्रद्धेचं फळ होतं. रघूनं फळा पुसला आणि काकांपुढे स्पेशल चहा ठेवला.

ओंकार आवाजाविना गेला. संध्याकाळी मी गडगा ओलांडून काकांच्या पडवीत जाऊन बसले. काकू आत होत्या. मी उगाच पाण्याच्या पंपाचं काहीतरी विचारत होते.

"बाई," काका मध्येच म्हणाले, "तुम्हांला कळलंय ना?"

मी पंपाचंच बोलणं पुढे रेटलं.

"दुपारपास्नं माझ्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द फोडून बोलताय. दुसरीतल्या पोराशी बोलल्यावानी." ते हसले. मग खाली बघत म्हणाले, "यंत्रांचं काय न्हाय हो. ती हाताला कळतात."

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली. काका हलले नाहीत. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "काका, काकू बोलावताहेत."

"काय म्हणाली?"

"चहा झालाय म्हणाल्या."

"तसं न्हाय." त्यांनी माझा हात धरला. "कशी म्हणाली?"

मग मी घसा खाकरला आणि, लाजलज्जा सोडून, कुसुमकाकूंचा हेल काढून, शेवटचं अक्षर त्या लांबवतात तसं लांबवत, त्यांच्या कानाशी जेवढ्या मोठ्यानं जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "अहोऽऽ, चहा झालाऽऽय! निवंल नाऽऽ!"

आतून काकू भांडं टाकून धावत आल्या. "काय झालं? बाई, काय झालं?"

भालूकाकांनी डोळे मिटलेले होते. "हां," ते म्हणाले. "अश्शीच." आणि डोळे पुसत, चहा निवायच्या आत, उठून आत गेले.