ब्रेकमास्तरांची अक्कलदाढ

"अक्कलदाढ काढायला गेला होतास ना? मग असा पाय फाकवून का चालतोयस?" दार उघडल्या उघडल्या आईने विचारलं.

"भूल दिलीय," ब्रेकमास्तर दाराची चौकट धरून म्हणाले. "हळूहळू उतरतेय."

"गालातून पायात?"

"खालची दाढ होती ना, आई," मागून बायको घाईघाईने म्हणाली आणि नवऱ्याला ढकलतच आत घेऊन गेली. ढकललं जरा जोरात, त्यामुळे मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो दाढेचा मुळीच नव्हता.

खरी गोष्ट अशी की मास्तरांच्या तोंडाला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते नसबंदीचं ऑपरेशन करून आले होते.

मास्तर मोटार शिकवण्याच्या शाळेत नोकरीला होते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, हा त्यांचा धंदा. त्यावरून त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. घरात आई, बायको आणि दोन मुली. घर भरलेलं होतं, पण आईच्या मते त्यात एकाची जागा शिल्लक होती. माळ्यावर मुलींचा जुना लाकडी पाळणा होता. तो पुसताना ती दर वेळी कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणे, "एकदा हलायला हवा बाई पुन्हा."

बायको एका कंपनीत हिशेब लिहायची, आणि हिशेब एकदा मांडला की तो बुडापर्यंत नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एका रविवारी तिने मास्तरांना समोर बसवलं.

"गोळ्या घेतल्या, डोकं माझं दुखलं. तांबी बसवली, कंबर माझी गेली. दोन बाळंतपणं झाली, पगार माझा बुडाला. खर्च सगळा माझ्या नावावर आणि नफा मात्र भागीदारीत, असं कुठे असतं का?"

"मग तुझं ऑपरेशन करून टाकू या ना," मास्तर उदारपणे म्हणाले.

"करू या की. पोटाला टाके, बिनपगारी रजा, आणि तोवर स्वयंपाक, धुणं, मुलींची शाळा, सगळं तुमच्याकडे."

इथे मास्तर एकदम गंभीर झाले.

"तुमचं अर्ध्या तासाचं काम," बायको पुढे म्हणाली. "सरकारी दवाखान्यात फुकट. वर मजुरी बुडते म्हणून चार पैसे हातावर ठेवतात ते वेगळेच. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना ब्रेक लावता, एकदा—"

"कळलं, कळलं."

मास्तरांना ते खरंच कळलं होतं. बायकोच्या डोकेदुखीच्या रात्री त्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांना स्वतःची लाजही वाटत होती. प्रश्न फक्त आईचा होता. वडील गेल्यापासून आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मास्तरांना बघवत नसे, आणि आता पाळणा कधीच हलणार नाही हे तिला सांगायची त्यांची छाती नव्हती. म्हणून त्यांनी दाढ काढली.

खोटं बोलायला हरकत नाही, पण ते आपल्या सोयीचं तरी असावं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आठवडाभर जड उचलू नका, धक्के खाऊ नका, बाकी हवं ते खा, हव्या तितक्या गप्पा मारा. आता दाढेचे नियम बरोबर उलटे. त्यामुळे मास्तरांच्या तोंडाला सक्तीची विश्रांती मिळाली आणि बाकीचं अंग कामाला लागलं.

त्या रात्री घरात मासे तळले होते. मास्तर ताटावर बसले तर आईने त्यांच्यापुढे पातळ पांढरट सूप ठेवलं.

"एक तुकडा चालेल गं, दुसऱ्या बाजूने चावतो."

"काटा गेला त्या भोकात म्हणजे? मुकाट्याने पी."

"बाबा, भोक दाखवा ना," धाकटी म्हणाली आणि टुणकन उडी मारून मांडीवर येऊन बसली. मास्तरांच्या डोळ्यांपुढे तारे चमकले. "आई गं!" ते कळवळले. तोंड उघडलंच आहे म्हणून धाकटीने आत डोकावून घेतलं.

"आजी, भोक नाहीच आहे!"

"पाठीमागे असेल," आजी शांतपणे म्हणाली. "तुझे बाबा काही खोटं बोलायचे नाहीत."

जेवण झाल्यावर आईने फडक्यात बर्फ बांधून दिला. मास्तर तो घेऊन लगबगीने खोलीत गेले आणि त्यांनी कडी लावली. बाहेरून आई ओरडली, "गालाला लाव रे बर्फ! गालाला!"

सोमवारी मास्तरांनी रजेसाठी मालकांना फोन लावला.

"दाढच काढलीय ना, पाय तर नाही काढला?" मालक म्हणाले. "ब्रेक काय तुम्ही दातांनी दाबता? या लवकर, मुख्याध्यापिका बाई येऊन बसल्यात."

या बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला लागल्या होत्या. त्यांना गतिरोधक दिसत नसत असं नाही, दिसत. पण आयुष्यभर त्या कुणासाठी थांबल्या नव्हत्या आणि डांबराच्या उंचवट्यासाठी थांबायचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं. एरवी मास्तर लांबूनच "बाई, हळू, बाई, हळू" असा धोशा लावत आणि गाडी कशीबशी निभावून जाई.

"बाई, पुढे—" मास्तरांनी सुरुवात केली.

"शूऽऽ! मालकांनी सांगितलंय मला. दाढ काढल्यावर बोललं की टाके तुटतात. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. मी माझं बघते."

"पण गती—"

"तोंडावर बोट!"

चाळीस वर्षं पोरांना गप्प बसवलेला तो आवाज होता. मास्तरांनी खरोखर तोंडावर बोट ठेवलं, आणि गाडी पहिल्या गतिरोधकावरून उडाली. दुसरा समोर दिसल्यावर त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, तर ब्रेक दाबायला पाय ताणावा लागत होता आणि पाय ताणण्यापेक्षा उडालेलं बरं, असं त्यांना आढळून आलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले.

"बघा," बाई गाडी लावून समाधानाने म्हणाल्या, "आज तुम्ही एकदाही ब्रेक लावला नाहीत. माझी प्रगती आहे की नाही?"

मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शिक्षकाला कृतार्थ वाटतं ते असं, अशी बाईंची समजूत झाली.

संध्याकाळी घरी येताना मास्तरांच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे पलंग. पण दार उघडून पाहतात तो माळ्याखाली स्टूल मांडलेलं आणि शेजारी आई कमरेला पदर खोचून उभी.

"आलास? बरं झालं. तेवढा पाळणा खाली काढून दे."

मास्तरांनी वर माळ्याकडे पाहिलं. पाळणा अस्सल सागवानी होता. चढवताना तो दोघांनी मिळून चढवला होता. त्यातून तो आत्ताच कशाला हवा, हा विचार तर वजनापेक्षाही जड होता. आईने बहुतेक आशेने तयारीच सुरू केली होती.

"उद्या काढला तर नाही चालणार?"

"का? दाढेने उचलणार आहेस का?"

"जरा अशक्त वाटतंय. नुसत्या सुपावर आहे मी."

"सूप पिऊन मी दोन पोरांना पाजलंय. चढ वर."

बायको अजून कामावरून यायची होती, मुली खाली खेळत होत्या. वाचवायला कुणी नव्हतं. मास्तर एक पाय स्टुलावर ठेवून उभे राहिले. मग देवाचं नाव घेत दुसरा पाय वर घेतला आणि पाळण्याच्या कडेला हात घातला. पाळणा ओढला तर टाके तुटणार होते आणि नाही ओढला तर बिंग फुटणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे डगमगतं स्टूल. खाली पाहिलं तर आई डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती.

"आई," मास्तर वरूनच म्हणाले, "मी दाढ नाही काढली."

"हं."

"मी ऑपरेशन करून घेतलंय. आता मूल होणार नाही आम्हाला. तू रडू नकोस."

"उतर आधी खाली," आई म्हणाली आणि तिने स्टूल घट्ट धरलं. "पाळणा काढायला खालचा शिंपी येणारच आहे. मला एवढंच ऐकायचं होतं, आणि तेवढ्यासाठी तुला स्टुलावर चढवावं लागलं."

मास्तर उतरले आणि मटकन पलंगावर बसले. "आई गं" पुन्हा निघालंच.

"हेच," आई म्हणाली. "दाढ काढलेला माणूस बसताना कळवळतो का रे? शनिवारी दारातच कळलं मला. अशी चाल मी एकदा पाहिलीय."

"कुणाची?"

"तुझ्या वडिलांची. ते गेले तेव्हा बत्तीसच्या बत्तीस दात होते त्यांच्या तोंडात, अक्कलदाढांसकट. पण तू शाळेत जायला लागलास त्या वर्षी त्यांनी दाढ काढली होती. तुझ्या बहिणीच्या वेळी मी मरता मरता वाचले. सासूबाई म्हणत होत्या, अजून एक होऊ दे. हे काही बोलले नाहीत. एक दिवस सकाळी उठले आणि दाढ काढून आले." आईने कमरेला खोचलेला पदर सोडला. "आयुष्यात मला सोन्याचा मणी नाही घातला त्यांनी. पण त्या दिवशी मला जे वाटलं ना, ते सोन्याने नसतं वाटलं."

"मग तू ते पाळण्याचं सारखं…"

"सासूने म्हणायचं असतं, म्हणून म्हणायची. तुम्ही सरळ 'नाही' म्हणाला असतात तर दोन दिवस रुसले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. पोरीचे हाल मला काय दिसत नव्हते?"

मास्तरांना भरून आलं. मग त्यांना एक गोष्ट आठवली.

"आई, शनिवारपासून तुला माहीत होतं, तरी मला सूप पाजलंस?"

"आईशी खोटं बोललास. शिक्षा नको?"

एवढ्यात शिंपी आला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्याने पाळणा एकट्याने खांद्यावर घेतला आणि तो जिना उतरत असतानाच मास्तरांची बायको वर आली. पाळणा बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, तुम्ही उचललात?"

"त्याने कशाला उचलायला हवा? दाढ काढलीय त्याने," आई म्हणाली. "सूनबाई, आज मासे तळ. आणि याच्या ताटात जास्त वाढ." मग तिने मास्तरांच्या हातात कापसाचा बोळा दिला. "हा उद्या गालात धरून जा. थाप मारायची तर नीट मारावी. तुझ्या वडिलांनीसुद्धा धरला होता."

तेवढ्यात फोन वाजला. आत्याचा होता. आईने नेहमीप्रमाणे तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काय गं वहिनी, पाळणा कधी हलायचा तुमच्याकडे?"

"हलला की. आत्ताच जिन्यावरून खाली गेला. आणि आता तो विषय काढू नकोस बाई, आपल्या मास्तरांनी अक्कलदाढ काढलीय."



"सरकारी दवाखान्यात?" आत्याने एकदम आवाज खाली आणून विचारलं.

"हो."

"दादानेही तिथेच काढली होती," आत्या म्हणाली आणि तिने एक लांबलचक सुस्कारा सोडला. "नशीबवान गं तुम्ही सासवासुना. आमच्या ह्यांचे दात भारी मजबूत होते. म्हणून तर माझी पाच झाली."