द्वारकाबाई मुणगेकर यांनी धोके पाहिले आणि मीठ चाखिले त्याची बखर

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो, आणि जेथे मोह आवरला नाही तेथे किंचित जास्त लिहितो. श्रोतेजनी सावध असावे, आणि ऐकताना एकमेकांपासून दोन हात दूर बसावे.

एक राज्य होते. नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तळमजल्याचे एक सभागृह, त्यामागे मुदपाकखाना, पुढे स्कूटरी लावण्यापुरते अंगण आणि दारावर धर्मादाय न्यासाची पाटी, इतकाच मुलूख. परंतु कीर्ती थोर. शहरात जे वृद्ध एकटे राहतात, ज्यांची लेकरे परमुलखी आणि ज्यांचे गुडघे स्वयंपाकास साथ देत नाहीत, त्यांचे घरी दुपारचा डबा पोचवावा हा राज्याचा धर्म. आणि या राज्याच्या मुदपाकखान्याची सरदारी द्वारकाबाई मुणगेकर यांजकडे होती. बाई अंगाने किरकोळ, आवाजाने तोफखाना. यजमान निवर्तल्यावर घरची चूल थंड जाहली, ती ऊब बाईंनी राज्याच्या चुलीपाशी शोधिली आणि मग तेथेच राहिल्या. घरी केवळ निजावयास जात. राज्यात चाल ऐसी की आमटीचा मोठा टोप उतरला म्हणजे बाईंनी पळीने चार थेंब आपल्या तळहातावर घ्यावे, चाखावे, मग पळी घेऊन फिरावे आणि प्रत्येकाच्या तळहातावर थेंब द्यावा, आणि बाईंनी "मीठ बरोबर" म्हणावे, आणि सर्वांनी "बरोबर" म्हणावे. त्यावाचून एक डबा उंबरा ओलांडीत नसे. थेंब सर्वांस मिळे खरा, परंतु चव बाईंचीच; बाकीचे प्रसादासारखे चाटीत आणि मान डोलावीत.

ऐसे सुखाने चालले असता मुलखात साथीचा गनीम शिरला. डोळ्यांस दिसेना, तलवारीस गावेना, शिंकेवर स्वार होऊन येई. बाजार ओस पडले, राज्याची चूल काही काळ विझली, आणि वृद्धजन बिस्किटे चहात बुडवून दिवस काढू लागले. मग वरिष्ठ कचेरीचा हुकूम आला जे, धर्मादाय कामे पुन्हा सुरू करावी, परंतु त्याआधी आपल्या जागेतील धोक्यांची पाहणी करावी. कोठे, कोणास, कशाने अपाय होईल ते पाहावे, उपाय योजावा, आणि न योजल्यास कुलूप. हुकूम दिवाण दिगंबरपंत टिपणीस यांच्या हाती पडला. हे न्यासाचे सचिव. मनुष्य सज्जन, परंतु निर्णय घ्यावयाचा म्हटले म्हणजे त्यांस चष्मा पुसण्याचे काम निघे. त्यांनी चष्मा बहुत वेळ पुसला आणि दरबार भरवून विचारिले जे, "ही पाहणी कोण करील?" सर्व सरदार छताकडे पाहू लागले. तेव्हा द्वारकाबाई पदर खोचून बोलिल्या, "द्या इकडे. त्यात काय एवढं? पिठातले किडे शोधते तसे धोके शोधीन."

मग बाई पाहणीस निघाल्या, आणि काय सांगावे, राज्यात तारांबळ उडाली. बाई जेथे उभ्या राहत तेथे एकच प्रश्न करीत, "इथे कोणाला होईल, आणि कोणाकडून?" भाजी चिरणाऱ्या मंडळीस गुडघ्याला गुडघा लावून बसण्याची आणि सुनांची गाऱ्हाणी कानात सांगण्याची सवय होती, त्यांस रांगोळीचे चौकोन आखून एकेकीस एकेका चौकोनात स्थानापन्न केले. गाऱ्हाणी मोठ्याने सांगावी लागू लागली, तेव्हा निम्मी आपोआप बंद पडली. खिडक्या वर्षानुवर्षे रंगाने चिकटल्या होत्या, त्या सांडशीने ठोकून उघडिल्या. दिवाणांनी मोठ्या हौसेने सॅनिटायझरचा बुधला आणून ऐन शेगडीशेजारी मांडिला होता, तो पाहून बाईंनी कपाळास हात लाविला. "पंत, साथीतून वाचवून आम्हाला जाळायचा बेत आहे का? हे पेट घेतं. हे दारापाशी ठेवा, आत साबण." पंतांनी चष्मा पुसला. डबे पोचविणारा रफिक शिकलगार म्हणून एक शिलेदार होता. त्यास वृद्धजन हाताला धरून आत नेत, चहा पाजीत आणि लेकाचा फोटो दाखवीत. त्यास आज्ञा जाहली की डबा कडीला अडकवावा, घंटा वाजवावी, जिन्याच्या चार पायऱ्या उतरून तेथून बोलावे. रफिक म्हणाला, "बाई, त्यांना डब्यापेक्षा बोलणं लागतं." बाई म्हणाल्या, "मग मोठ्यानं बोल. बोलू नको असं कुठं म्हटलंय मी?"

येथवर फत्ते जाहली. परंतु पुढे पोळ्यांच्या ओट्यापाशी गोदूताई होत्या. गोदूताई बाईंच्या जिवलग, लाटण्यास लाटणे लावून आयुष्य गेलेले, त्यांस दमा. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "गोदू, तुला घरी बसावं लागेल." गोदूताईंनी लाटणे खाली ठेविले नाही. "घरी बसून काय करू? भिंतीला पोळ्या वाढू?" बाईंचे काळीज हलले, परंतु सरदारी म्हणजे सरदारी, त्यांनी दयामाया दाखविली नाही. गोदूताई लाटणे पदराखाली घेऊन गेल्या, आणि राज्याच्या मालमत्तेतील ते लाटणे कोणी परत मागितले नाही.

मग पाहणी संपत आली आणि एकच जागा उरली, ती मोठ्या टोपापुढली. बाई सवयीने तेथे जाऊन उभ्या राहिल्या आणि तोच प्रश्न त्यांनी तोंडातल्या तोंडात केला, इथे कोणाला होईल आणि कोणाकडून. आणि उत्तर समजले. पळी घेऊन प्रत्येकाच्या तळहातापाशी जाते ती कोण, तर आपण. सर्वांच्या श्वासात श्वास मिसळते ती कोण, तर आपण. वर हुकुमात वयाचे कलम होते, पासष्टापुढील मंडळींनी घरी राहावे. बाई ते कलम ओलांडून पुष्कळ पुढे गेल्या होत्या. दिवाण हे जाणून होते आणि त्या कलमावर बोट ठेवून बसले होते, म्हणजे कोणास दिसू नये. ते हळूच बोलिले, "आपलं वय विचारायला कोण येतंय, बाई? तुम्ही नसाल तर चूल कशी चालेल?" बाईंस हे ऐकावयास बहुत गोड वाटले. खरे लिहावयाचे तर बाईंस भय वाटले. साथीचे नव्हे, त्या थंड चुलीच्या घराचे. क्षणभर मोह जाहला. मग पोळ्यांचा रिकामा ओटा दिसला आणि बाई म्हणाल्या, "गोदूला पाठवली मी. आता माझ्यासाठी वेगळा कायदा केला तर तिला तोंड कुठल्या तोंडानं दाखवू?" ऐसे बोलून त्यांनी पळी शेवंताबाई घाडगे यांच्या हाती दिली. या बाईंच्या हाताखालील. हात कामसू, परंतु स्वतःच्या जिभेवर भरवसा नाही. त्या घाबरून म्हणाल्या, "बाई, मीठ कोण बघणार?"

मसलत बसली. मुदपाकखान्याच्या मागल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, बाईंचे बिऱ्हाड; त्यास गॅलरी. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून बाई भाजी वर ओढून घेत, हे सर्वश्रुत. तेव्हा ठरले की टोप उतरला म्हणजे रफिकने वाटीभर आमटीचा डबा टोपलीत ठेवावा आणि मागे सरावे, बाईंनी दोरी ओढावी, चाखावे, आणि गॅलरीतून हुकूम द्यावा, मग स्कूटरी सुटाव्या. तळहातावरचे थेंब बंद. चूल पेटली. दररोज दुपारी गल्लीत "मीठ बरोबर" ऐसी ललकारी उठे, अंगणातून "बरोबर" ऐसा जबाब जाई, आणि शेजारची मंडळी त्यावर घड्याळे लावू लागली. वृद्धजनांच्या पोटात आमटी गेली आणि बाईंच्या जिवात जीव आला.

ऐसे काही दिवस बरे गेले. आणि एके दुपारी टोपली वर गेली आणि गॅलरीतून आवाज आला, "अळणी आहे." शेवंताबाईंनी मीठ घातले, डबा पुन्हा गेला. "अजून अळणी." पुन्हा घातले. "शेवंता, मीठ संपलंय की लक्ष नाही?" तेव्हा शेवंताबाईंनी पळीभर आमटी घेऊन आयुष्यात प्रथम आपल्या जिभेने न्याय केला, आणि त्यांचे तोंड वाकडे जाहले. तशाच त्या गल्लीत येऊन उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी. "बाई, आमटीचा समुद्र झालाय. मला नापासच करायचं असेल तर तसं सांगा, पण म्हाताऱ्या माणसांचं जेवण नासवू नका." बाईंस संताप आला. आपली जीभ कधी चुकली नाही, आणि ही कालची मला शिकविते, ऐसे मनी येऊन त्या आत गेल्या की नाकास झणझणीत काही लावून डोके ताळ्यावर आणावे. हिंगाची डबी उघडिली. वास आला नाही. डबी नाकापाशी नेली, मग नाक डबीत घातले. काही नाही. हिंग जेथे वास देत नाही तेथे दोष हिंगाचा नसतो, हे बाईंस तत्काळ समजले, आणि त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. सकाळपासून अंग मोडून आले होते, ते बाईंनी कालच्या धुण्याच्या माथी मारिले होते.

मग गॅलरीत येऊन बोलिल्या, आणि तोफखाना तोच, परंतु दारू ओली. "रफिक, टोपलीला हात लावू नकोस. साबणानं कोपरापर्यंत हात धू. शेवंता, मागे सर, आणखी मागे. आणि ऐक. तुझं मीठ पहिल्यापासून बरोबर होतं." शेवंताबाई समजल्या, आणि मटकन पायरीवर बसल्या.

त्या दिवशी खारट आमटीत बटाटे आणि पाणी लोटून ती माणसांत आणिली, डबे उशिरा गेले आणि कोणी उपाशी राहिले नाही. बाईंची तपासणी जाहली, साथ निघाली. राज्यातील यच्चयावत मंडळींची तपासणी जाहली, कोणासही निघाली नाही. वैद्यांनी विचारिले, या बाई कामावर येत होत्या काय? दिवाणांनी सांगितले की नाही, यांनीच स्वतःस घरी बसविले. वैद्य म्हणाले, बरे केले. दिवाणांनी चष्मा काढला, परंतु या खेपेस पुसावयाचे होते ते डोळे.

बाई घरीच पडून राहिल्या. ताप चढे, उतरे. गोदूताई फोनवर विचारीत, "भिंतीला पोळ्या वाढतेस की नाही?" आणि बाई खोकता खोकता हसत. रफिक दररोज डबा कडीला अडकवी, घंटा वाजवी, चार पायऱ्या उतरून तेथून मोठ्याने सर्व गल्लीच्या बातम्या सांगे. बाईंस त्या ऐकताना कळले की डब्यापेक्षा बोलणे लागते म्हणतात ते काय. मुदपाकखान्यात मीठ आता शेवंताबाई स्वतःच चाखीत आणि हळू आवाजात "बरोबर" म्हणत. ललकारी मात्र कोणी दिली नाही. ती जागा बाईंची म्हणून रिकामी राखिली. बाई डबा जेवीत, परंतु आमटी आणि कोमट पाणी यांत त्यांस भेद नव्हता. साथ ओसरली, वैद्यांनी मोकळे केले, तरी जिभेचे राज्य परत आले नाही. बाईंनी बोलून दाखविले नाही, परंतु मनी धास्ती घेतली की जीभ गेली तर टोपापुढे उभे राहून आपण करणार काय.

पुढे आषाढात एके दुपारी स्कूटरी निघावयाच्या बेतात असता गॅलरीचे दार उघडले. बाई बाहेर आल्या. अंगाने आणखी किरकोळ, हाती नुकत्याच आलेल्या डब्यातील आमटीची वाटी. गल्लीत सर्व थबकले. बाईंनी बोट बुडविले, चाखिले, डोळे मिटले, पुन्हा चाखिले. मग म्हणाल्या, "शेवंता, मीठ जास्त आहे."

दिवाण घाबरून अंगणातल्या डब्यांकडे पाहू लागले. शेवंताबाई पुढे आल्या, आपल्या ठरल्या अंतरावर थांबल्या आणि तोंडावरील मास्काआडून म्हणाल्या, "बाकीच्यांत बरोबर आहे, बाई. तुमच्या डब्यात रोज एक चिमूट जास्त घालत होते. म्हटलं, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तुम्ही ओरडाल."

बाईंनी वाटी कठड्यावर ठेविली, पदराने डोळे टिपिले, आणि गळा साफ करून ऐसी ललकारी दिली की पलीकडल्या गल्लीत घड्याळे लागली, "मीठ बरोबर." आणि अंगणातून जबाब गेला, आणि स्कूटरी सुटल्या.

सारांश, या राज्याने साथीच्या गनिमाशी सामना केला तो रांगोळीच्या चौकोनांनी, उघड्या खिडक्यांनी, दोरीच्या टोपलीने आणि एका चिमूट मिठाने. पाहणी करणाराने पाहणीत आपणास वगळिले नाही, म्हणोन बाकीचे वाचले. टोपली अद्याप गॅलरीस टांगली आहे. गोदूताईंचे लाटणे मागाहून परत आले, त्यांच्यासकट. इतके वर्तमान जाहले ते लिहिले. वाचणाराने हात धुऊन जेवावयास बसावे.