काढलं एकदाचं अ‍ॅप

परवा जेवताना बाबांच्या फोनवर टुंग वाजलं, ‘पाणी प्या’ असं आलं, आणि बाबा खरोखर पाणी प्यायले. त्या क्षणी मी ठरवलं, आपलं अ‍ॅप या रविवारी पुरं करायचंच.

ज्या माणसानं जन्मात बायकोचं किंवा डॉक्टरचं ऐकून घोटभर पाणी घेतलं नाही, तो एका फोनचं ऐकतो! का, तर ते अ‍ॅप माझ्या मावसभावानं काढलंय. ते दुसरं काहीही करत नाही. टुंग करतं आणि ‘पाणी प्या’ म्हणतं. एवढं तर घसाही सांगतो. पण आमच्या घरात कौतुक असं, जणू पाण्याचा शोध त्यानंच लावला.

माझ्या अ‍ॅपचं नाव ‘कुठंय’. घरातली वस्तू कुठे ठेवली ते एकदा त्याला सांगून ठेवायचं. मग कधीही विचारा, कात्री कुठंय? ते सांगणार. कॉलेज सोडल्यापासून मी हेच करतोय. (कॉलेजनं मला सोडलं, असं बाबा म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.) ते कायम ‘जवळजवळ झालेलं’ असायचं. मावसभावानं त्याच्या अ‍ॅपला निळा रंग दिला की मी हातातलं टाकून माझ्या अ‍ॅपला जांभळा द्यायला बसायचो. एकदा खोट्या नावानं त्याच्याकडे तक्रार ठोकली, ‘पाणी बेचव लागतं.’ त्यानं माझे आभार मानले आणि ‘पाण्यात लिंबू पिळा’ अशी सूचना अ‍ॅपमध्ये टाकली. ती लोकांना फार आवडली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तो माझी कल्पना चोरणार, या धसक्यानं मी इंटरनेटवर ठेवलेली ‘कुठंय’ची प्रतही पुसून टाकली. आता ते फक्त घरच्या कंप्युटरवर होतं. तिजोरीतच म्हणा ना.

रविवारी मावशी आणि तिचा तो हिरा जेवायला येणार होते. मी बाबांना सांगितलं, सगळ्यांच्या समोर अ‍ॅप काढतो. बाबा म्हणाले, काढ. नाही काढलंस तर सोमवारपासून मामांचं फरशांचं गोदाम. मामा फरशीला दोन्ही हातांनी उचलतात आणि माणसाला नुसत्या तोंडानं. तिथे एकदा गेलो असतो तर परत कंप्युटरसमोर बसणं विसराच.

बाबा जन्मभर एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. कागदावर लिहिलंय तेच करायचं, मध्ये डोकं आणायचं नाही. या गुणावर त्यांनी दोन बढत्या घेतल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचा कंप्युटर मराठीत करून घेतला. मातृभाषेत चुका होत नाहीत म्हणे.

रविवारी सकाळी ‘कुठंय’ खरोखर पूर्ण झालं. मी विचारलं, कात्री? ते म्हणालं, शिलाई मशीनच्या खणात. कात्री तिथेच होती. मला भरून आलं. आईला मात्र वास आला. चार दिवस अंगाला पाणी नाही, पाहुण्यांत असा बसायचं नाही, म्हणत तिनं मला बाथरूममध्ये ढकललं.

डोळ्यांत साबण असताना मंडळी आल्याचे आवाज आले. मग दारावर बाबांची थाप पडली.

‘सगळे कंप्युटरसमोर बसलेत. तुझं अ‍ॅप काढू का?’

चिन्ह मी समोरच ठेवलं होतं, नुसतं उघडायचं होतं. मावसभावाच्या नाकावर टिच्चून, तेही माझ्या बापाच्या हातून. यापेक्षा सुंदर काय असणार?

‘काढा,’ मी म्हणालो.

जरा वेळानं परत थाप. ‘कंप्युटर विचारतोय, कायमचं काढायचं का?’

एकदा जगापुढे आलेलं अ‍ॅप कायमचंच आलं की. कंप्युटरही भारावलाय, असं मला वाटलं.

‘कायमचंच. आता माघार नाही.’

तेवढ्यात मावसभावाचा आवाज आला. ‘काका, एक मिनिट थांबा. दादा, अरे ते...’ (तो माझ्याहून लहान आहे. हे मी इतका वेळ मुद्दाम सांगितलं नव्हतं.)

‘बाबा, त्याला हात लावू देऊ नका. जळतोय तो.’

‘मग हो म्हणू ना?’

‘म्हणा.’

मी टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आलो. कंप्युटरचा पडदा माझ्या अंगापेक्षा स्वच्छ होता.

‘बाबा, “कुठंय” कुठंय?’

‘काढलं.’

‘अहो, बाहेर काढायचं होतं.’

‘बाहेरच काढलंय. आत काही ठेवलेलं नाही.’

त्यांनी चिन्हावर उजवं बटण दाबलं होतं, आलेले शब्द वरून खाली वाचले होते, आणि मी सांगितलेला शब्द जिथे सापडला तिथे बोट ठेवलं होतं. ‘काढून टाका.’ मातृभाषेत चूक कशी होणार?

पडद्यावर फक्त दोन शब्द उरले होते, ‘पूर्ण झाले’. आईनं ते मोठ्यानं वाचले आणि पदर डोळ्यांना लावला. मावशीला म्हणाली, ‘जन्मात पहिल्यांदा पोरानं काहीतरी पूर्ण केलं गं.’

मावशीनं टाळ्या वाजवल्या. मावसभाऊ खरं सांगायला तोंड उघडत होता, तर मी ओल्या पायानं त्याचा अंगठा दाबला. कौतुक माझं चाललंय आणि तो गप्प उभा आहे, असा योग पुन्हा कधी येणार? मला तर बाबांचा चेहराही प्रेमळ दिसायला लागला.

‘आता चालवून दाखव की,’ आई म्हणाली. ‘विचार त्याला, तुझे कपडे कुठंयत. असा निथळत उभा राहू नकोस.’

सगळे रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. मीही बघितलं. बराच वेळ काही होईना, तेव्हा बाबांनी नियमाप्रमाणे मामांना फोन लावला.

‘आतल्या पलंगावर आहेत, मावशी,’ मावसभाऊ हळूच म्हणाला. ‘येताना दिसले मला.’

कपडे तिथेच होते. आई मावशीकडे वळून म्हणाली, ‘बघ, याला अ‍ॅपसुद्धा लागलं नाही.’