मुखवटेवाल्याचा पाव

डिंडोलीच्या कामगार वस्तीत धुरपदाबाईंच्या खानावळीमागे एक खोली होती. तिथे हिलाल आणि वाल्मिक राहत. हिलाल लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, दिवसपाळी करी, वाल्मिक रातपाळी. त्यामुळे दोघांत गादी एकच पुरे. टीव्हीही एकच, आणि जुन्या बाजारातून आणलेला व्हिडिओ गेमही एकच. खेळ एकाने जिथे सोडला, तिथूनच दुसऱ्याचा सुरू होई.

कॅसेट जपानी होती. एक पोरगा राजाच्या हुकमावरून तलवार घेऊन राक्षसाला शोधत हिंडे आणि गावोगावी विहिरीपाशी एक मुखवटेवाला त्याला पाव देई. पाव खाल्ला की पोराच्या अंगात पुन्हा बळ येई. पडद्यावरचं एकही अक्षर कळत नसल्याने मुखवट्यामागे कोण, हे ठरवायला दोघे मोकळे होते. हिलालच्या मते तो पोराचा हरवलेला बाप. वाल्मिकच्या मते तोच राक्षस. जादूचा पाव चारून पोराला गुलाम करत होता.

"भेटला का खावाले दे, तो बाप कसा व्हई?" धुरपदाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "माय शे ती."

दोघांनी त्यांना तव्याकडे लक्ष द्यायला सांगितलं.

वाद वाढला तशी पैज लागली. हरेल त्याने महिनाभर खानावळीतली सगळी ताटं घासायची. सुट्टीच्या दिवशी सर्वांसमोर खेळ संपवायचा आणि तोवर कोणी हात लावायचा नाही. दोघांनी कानबाई देवीची शपथ घेतली.

त्याच संध्याकाळी हिलालने आवाज बंद करून गेम लावला. बाप असेल तर वस्तू सांभाळेल, म्हणून त्याने पोराचं चिलखत मुखवटेवाल्याला देऊन टाकलं. सकाळी वाल्मिकने चोरून पाहिलं, तर पोरगा उघडा. हिलालने शपथ घेतलेली, म्हणजे ही राक्षसाचीच जादू. घाबरून त्याने तलवार विकली आणि पोरासाठी ताईत घेतला. संध्याकाळी हिलालला ताईत दिसला आणि त्याचे डोळे भरून आले. बापाशिवाय ताईत कोण बांधणार?

सुट्टीच्या दिवशी खानावळ भरली. पडद्यावर पोरगा विहिरीपाशी उभा राहिला. चिलखत नाही, तलवार नाही.

"बघा, कसा लुटलाय राक्षसाने," वाल्मिक म्हणाला.

"लुटला कुठे? मी चिलखत दिलं तर त्याने किती मायेनं घेतलं..." हिलाल मध्येच थांबला.

"तू दिलं? कधी?"

"ते राहू दे. ताईत बापानेच बांधला ना?"

"बापाने कसला? तलवार विकून मी..." वाल्मिकही थांबला.

तेवढ्यात पडद्यावरच्या मुखवटेवाल्याने मुखवटा उतरवला. लांब केस खांद्यावर पसरले. तिने पोराला जवळ घेतलं आणि हातावर पाव ठेवला.

धुरपदाबाईंनी भांडी घासायच्या राखेची पाटी दोघांच्या मधोमध सरकवली.

आता सकाळची ताटं वाल्मिक घासतो, रात्रीची हिलाल. मोरीत भांडी जोरात वाजली की धुरपदाबाई खोलीतून दटावतात. त्यांनी गेम पहिल्यापासून सुरू केला आहे, आणि राजाबद्दल त्यांना पक्का संशय आहे.

"हाऊ राजा काई खरा नही," त्या म्हणतात. "पोऱ्याले लढाईवर धाडं, पन जेवना का म्हनीसन एकदाबी इचारं नही."