चंपक्काची लाथ

रविवारी सकाळी चंपक्काच्या अंगणात लाथ खायला रांग लागायची. खोटं वाटेल, पण बंगळूरच्या पीण्या वसाहतीतल्या कारखान्यांतले टर्नर, फिटर, एकदा तर टाय बांधलेले एक बँक मॅनेजर भिंतीला हात टेकून निमूट वाकलेले मी पाहिलेत. चंपक्का पदर खोचायची, उजव्या पायाचा तळवा एकेकाच्या कमरेला लावायची आणि एक दणका द्यायची. मग कानडीतलं 'ठीक आहे': "सरी. पास. पुढचा!"

चंपक्का पायाळू होती. जन्मताना डोक्याआधी तिचे पाय बाहेर आले होते. अशा माणसाची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. अक्काने ते बंगळूरच्या अख्ख्या गल्लीला मानायला लावलं होतं.

आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. नव्वदीची सुरुवात. नवऱ्याला पीण्यात नोकरी लागलेली. मी पुण्याची, बी.एस्सी., आणि त्या पदवीचा गर्व पोटाच्याही चार बोटं पुढे आलेला. हे सगळं नातीला सांगताना मी स्वतःला जरा शहाणी करून सांगते. इथे खरं लिहिते.

अक्का निपाणीकडची, मामीने वाढवलेली, एकटी. कारखान्यात पुर्जे तपासायची. मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. हीच मोजपट्टी ती घरी आणायची. माझी गूळ घातलेली आमटी रिजेक्ट. दारावरची कोथिंबीर रिजेक्ट. माझ्या नवऱ्याला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "स्वल्प घासून घेतला तर पास होईल की."

आठवा संपता संपता डॉक्टरीणबाईंनी माझं पोट चाचपलं, सोनोग्राफीचा फोटो काढून आणायला लावला आणि सांगितलं, बाळाचं डोकं वर आहे, बूड खाली. आणखी एक आठवडा थांबू. तोवर वळलं नाही तर पोटावरून हाताने वळवून बघू. इथेच, ठोके ऐकत, ऑपरेशनची तयारी ठेवून. घरी कुणाकडून पोट चोळून घ्यायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आठवडाभराने त्यांनी वळवून पाहिलं. बाळ अर्धं फिरलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसलं. हट्टीपणा कुणाचा, हे सासूबाईंनी नंतर सांगितलंच.

"पहिलटकरीण आहात," बाई म्हणाल्या. "अंग आधी येतं आणि सगळ्यात मोठं डोकं शेवटी. ते अडकलं तर हातात वेळ राहत नाही. काही बायका अशाही बाळंत होतात, पण तुमच्या बाबतीत मी सिझेरियन सुचवेन." आणि त्यांनी पुढच्या सोमवारची वेळ दिली.

मी घरी आले ती पोट कापून न घेण्याचा निश्चय करूनच. सासूबाईंचं पत्र आलेलंच होतं: "आपल्या घरात आजवर सगळ्या आपल्या बळावर मोकळ्या झाल्या." जाऊबाई दोनदा मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा मी मागे कशी राहणार? शिवाय पायाळू मूल म्हणजे केवढं भाग्य! आणि त्यातली जाणकार तर खालीच राहत होती.

अक्का अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसली होती. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा की साल हातात आणि दाणा परातीत.

"अक्का, माझं बाळ तुमच्यासारखंच होणार. पायाळू! मी काही सोमवारी जात नाही. तुमच्या ओळखीची एखादी सुईण असेल तर सांगा."

मला वाटलं, ती खूश होऊन टाळी देईल. तिची चिमटी थांबली.

"बस."

मी बसले.

"पायाळूची पहिली लाथ कुणाला बसते, ठाऊक आहे काय?"

"नाही."

"आईला." तिने एक दाणा दाबला. "पाय आले, अंग आलं, डोकं अडकलं. सुईण होती, चांगली हुशार. मला ओढून काढली तिनं. आईचं रक्त थांबलं नाही."

बी.एस्सी.ला हे नव्हतं.

"माझ्या पायात गुण आहे म्हणतात. शंभर जणांच्या कमरा नीट केल्या गं मी. जिला पहिली लागली, ती तेवढी नीट करायची राहिली." तिने परात बाजूला सारली. "फोटोसुद्धा नाही तिचा. सोमवारी किती वाजता जायचं?"

"सात."

"साडेसहाला रिक्षा आणते."

त्या रविवारी तिने रांग परत पाठवली. "आज रजा," एवढंच म्हणाली.

सोमवारी मुलगी झाली. पोटातल्या सवयीने दोन्ही पाय कानाशी नेऊन निजलेली. आदल्या दिवशी येऊन पोचलेल्या सासूबाई नाक कुणावर गेलंय ते ठरवत होत्या. नवरा बोटं मोजत होता, दोनदा चुकला. पाळण्याभोवती एवढी दाटी की माझ्या खाटेपाशी कुणीच नव्हतं.

अक्का आत आली. पाळण्याकडे तिने पाहिलंच नाही. सरळ माझ्याकडे आली. आधी माझ्या नाकाशी बोटं धरली. मग डोळ्याखालची कातडी खाली ओढून लाली बघितली. मग माझा हात हातात घेऊन नखं एकेक दाबून पाहिली, कारखान्यात पुर्जे बघायची तशी, पण फार हळू. दहाही.

सगळं पाहून झाल्यावर तिने माझा हात पांघरुणाखाली सरकवला.

"आई पास," ती म्हणाली.

आणि मग, पदराने डोळे पुसून, बाळ बघायला वळली.