लॅपटॉप कोरी सीडी मागतो

दुपारचे तीन वाजले तरी लॅपटॉपचं तुणतुणं एकच होतं: कोरी सीडी घाला. आता कोरीच तर घातली होती! क्षितिजानं एक सोडून पाच घालून पाहिल्या, आणि हा पठ्ठ्या पाचही वेळा कुरकुरून पुन्हा कोरीच मागत होता.

पाच वाजता फुलपाड्यातल्या महिला गायन स्पर्धेची मुदत संपत होती. सरोजिनीबाई राऊतांचा गळा गोड, पण समोर चार माणसं बसली की त्यांना दरदरून घाम फुटायचा. तीस वर्षं ही बाई स्वयंपाकघराचं दार लोटून गात आली होती. यंदा पहिली फेरी सीडीवर होती, म्हणून लेकीनं मनवेलपाड्याच्या घरातच ऑफिसच्या लॅपटॉपवर आईची गवळण रेकॉर्ड केली. आज सीडी पोचली नाही, तर आई जन्मात पुन्हा तयार होणार नाही, ही क्षितिजाला धास्ती.

“गाण्यांची सीडी वाजते ना यावर?” रमेशरावांनी विचारलं.

“ती वाजते, बाबा. कोरी घातली की ओळखतच नाही.”

“मग बंद करून चालू कर.”

“तीनदा केलं!”

“चौथ्यांदा कर. आमच्या ऑफिसात सगळं चौथ्यांदाच चालतं.”

चौथ्यांदाही चाललं नाही. सरोजिनीबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, “राहू दे गं. माझ्या नशिबातच नाही.”

तिनं सहावी सीडी उचलली आणि खिडकीपाशी तिरपी धरली. चकचकीत बाजूवर, भोकाला लागूनच, हळदीकुंकवाची बोटं!

“आई! हे काय?”

“सकाळी लावलं. पहिलंच काम, शुभ नको व्हायला? दहाही सीड्यांना लावलंय, एकीला सोडायचं कशाला?”

“अगं, पण या बाजूला?”

“त्या बाजूला तुम्ही नाव लिहिणार ना! म्हटलं, ही मोकळीच आहे.”

रमेशरावांनी कपाळाला हात लावला. मग सीड्या नळाखाली धुतल्या. कुंकू गेलं, पण हळद जिथे तिथे पसरली आणि दहाही सीड्या पिवळ्याधमक झाल्या. शेवटी रमेशराव स्लिपरा फटफटवत बाजारात पळाले आणि नव्या दोन सीड्या घेऊन आले. त्यातली पहिलीच लॅपटॉपनं निमूट ओळखली. साडेचारला गाणं सीडीवर चढलं, पावणेपाचला मायलेकी रिक्षात बसल्या.

स्पर्धेच्या कचेरीत पहिल्या फेरीची निवड करणारा उमंग नावाचा कार्यकर्ता कॉम्प्युटरवर बसला होता. त्यानं सीडी घातली, वाकून पाहिलं.

“काकू, ही तर ब्लँक आहे.”

अरे देवा! कोरी सीडी ओळखली जावी म्हणून दिवसभर घरादारानं जीव टाकला, ती या कॉम्प्युटरनं एका क्षणात ओळखली होती. घाईघाईत क्षितिजानं टेबलावरची दुसरी सीडी उचलली होती. गाण्याची सीडी घरी लॅपटॉपच्या पोटातच राहिली.

“पंधरा मिनिटं द्या, घरून आणते,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“पाचला यादी बंद होते हो. पण काकू आल्याच आहेत, तर त्यांनाच म्हणू देत की!”

खोलीत आठ माणसं होती, वर चहावाला. सगळे वळून बघायला लागले. सरोजिनीबाई पांढऱ्याफटक पडल्या.

“नाही हो, तिला असं जमत नाही,” क्षितिजा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

सरोजिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून त्यांनी सूर लावला. पहिली ओळ कापत गेली, दुसरी जरा सावरली. गवळण संपली तेव्हा कुणीच चहाला हात लावला नव्हता.

“काकू, फायनलला घेतलं!” उमंग म्हणाला. “पण तिथे स्टेजवर गावं लागेल. हजारभर माणसं असतील समोर. चालेल ना?”

क्षितिजानं आईकडे पाहिलं.

सरोजिनीबाईंनी पदरानं घाम पुसला. “सीडी नाही ना आणायची?”

“नाही, नाही.”

“मग असू देत की हजार!”